वहिवाट: दांडिया बाजारातलं एक कपाट आणि त्यावरून झालेले सगळे वाद

गल्लीतली माणसं आहेत, रोज तोंडं बघायची आहेत, म्हणून यात कोणाचंच नाव घालत नाही. काका, मावशी, बाई, दादा एवढ्यावर भागवतो. बडोद्याच्या मराठी गल्लीत तसंही नावाने कोण कोणाला हाक मारतं!

प्रकरण एका कपाटाचं आहे. दांडिया बाजारात आमच्या वाड्याच्या देवडीत एक जुनं हिरवं लोखंडी कपाट आहे, एका दाराची बिजागरी ढिली, ते दार जरा उचलून लावावं लागतं. २०१८ मध्ये वरच्या मजल्यावरच्या आजी गेल्या आणि मागे त्यांचा वॉकर, कमोड चेअर आणि एअर बेड राहिला. भंगारवाल्याला द्यायचं ठरत होतं तेवढ्यात समोरचे आजोबा बाथरूममध्ये पडले आणि वॉकर तिकडे गेला, तिकडून तिसऱ्या घरी, आणि मग कोणीतरी म्हणालं की हे सगळं एका जागी ठेवू या, ज्याला लागेल त्याने न्यावं. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत वर्गणी काढून पाच लिटरचे दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले. आज तीन व्हीलचेअर, पाच वॉकर, कुबड्या, एक फाउलर बेड (डोक्याची-पायाची बाजू वर-खाली होणारा, दवाखान्यात असतो तसा), नेब्युलायझर, असा बराच संसार आहे.

नियम म्हणाल तर एक दोनशे पानी वही. तीन रकाने, काय नेलं, कोणी नेलं, परत कधी आणलं. डिपॉझिट नाही, भाडं नाही, अध्यक्ष नाही, बँकेत खातं नाही. कपाटाला कुलूप आहे कारण देवडीत रात्री कोणीही येऊन बसतं, आणि किल्ली मावशींकडे कारण त्या कायम घरी असतात. (मावशी माझ्या सख्ख्या नव्हेत, गल्लीच्या मावशी.)

मी डीटीपीचं काम करतो, कॉलेजात असताना अनार्किस्ट लोकांचं वाचायचं वेड लागलं ते गेलं नाही. त्यामुळे या कपाटाकडे मी गेली काही वर्षं जरा प्रेमानेच बघत होतो, म्हणजे सरकार नाही, मालक नाही, तरी चाललंय की! हा माझा पूर्वग्रह आधीच सांगून टाकलेला बरा, पुढे तोच माझ्या अंगाशी आलाय.

तर फेब्रुवारीत एकाच महिन्यात तीन गोष्टी झाल्या. एक, दोन नंबरची व्हीलचेअर सात महिने परत आलेली नाही हे कळलं. दुसरं, मांजलपूरहून एका अनोळखी माणसाचा मावशींना फोन, की मशीन न्यायला आज कोणी येणार का, आमचे वडील आता बरे आहेत, अकरा दिवसांचे तेहेतीसशे रुपये दिलेत. मावशी उडाल्याच. निघालं असं की आमच्यातलाच गॅरेजवाला दादा, त्याने कॉन्सन्ट्रेटर स्वतःच्या नावावर लिहून नेला आणि दिवसाला तीनशेने तिकडे भाड्याने लावला. आणि तिसरं, मावशींचा न्यू जर्सीचा भाचा म्हणाला मी चार लाख देतो, पण संस्था रजिस्टर पाहिजे, असं कपाटाला पैसे कसे देऊ.

रविवारी सकाळी ओट्यावर मीटिंग बसली, सेव उसळ आणली होती, तर्री वेगळी पिशवीत, आणि पावाची पाकिटं फुटायच्या आधी भांडण सुरू. मी मनात समजत होतो की भांडण व्हीलचेअरवर होईल. झालं ते 'हे कपाट म्हणजे नक्की काय आहे' यावर.

आमचा सीए, वय तीस, म्हणाला हे प्युअर फ्री मार्केट आहे, सरकार मध्ये नाही, सगळं ऐच्छिक, म्हणून तर चाललं, फक्त प्रॉपर्टी राइट्स क्लिअर नाहीत म्हणून लफडं झालं, डिपॉझिट लावा, व्हीलचेअरला दोन हजार, मशीनला दहा, थोडं भाडंही लावा, कॅपिटलिझममध्ये गोष्टी नीट वापरल्या जातात. त्याचेच काका, रिटायर्ड बँकवाले, युनियनमध्ये आयुष्य गेलं, ते म्हणाले हा समाजवाद आहे गाढवा, सगळ्यांचं सगळं, पण असं चार घरांच्या हातात ठेवलं की त्याची अशीच माती होते, महानगरपालिकेच्या दवाखान्याकडे सोपवा, तिथे रजिस्टर राहील. शाळेतल्या बाई म्हणाल्या दोन्ही नाही, हा सहकार आहे, मंडळी स्थापन करा, अध्यक्ष, सचिव, खजिनदार नेमा. आणि मी, उसळीचा घास तोंडात असतानाच, म्हणालो की खरं तर हा अनार्किझम आहे, अराजकवाद.

मावशी म्हणाल्या, "अराजक? मागच्या उन्हाळ्यात चार दिवस नळाला पाणी आलं नाही, ते अराजक. आमचं कपाट कशाला अराजक होईल?"

सगळे हसले, मीही. पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना, कारण मावशींनी नकळत फार जुनी गोष्ट सांगितली होती. वाल्मीकी रामायणात अयोध्याकांडात दशरथ गेल्यावर ब्राह्मण वसिष्ठांना सांगतात की लवकर कोणालातरी राजा करा, आणि 'नाराजके जनपदे' म्हणत श्लोकामागून श्लोक येतात, राजा नसलेल्या देशात पाऊस पडत नाही, मुलगा बापाच्या कह्यात राहत नाही. बघा, तिथेही पहिली तक्रार पाण्याचीच. महाभारतात शांतिपर्वात तेच, राजा नाही तर मोठा मासा लहान माशाला खातो. म्हणजे आपल्याकडे अराजक या शब्दाला जो वास आहे तो युरोपातून आलेला नाही, तो राजाच्या पदरी असलेल्यांनी फार आधी लावलाय. त्यावर इंग्रजांनी शिक्का मारला. आपण ज्याला रौलेट कायदा म्हणतो त्या १९१९ च्या कायद्याच्या अधिकृत नावातच 'अनार्किकल' शब्द आहे, अराजकी आणि क्रांतिकारी गुन्ह्यांचा कायदा, आणि त्यात ज्यांना धरायचं होतं त्यातल्या बहुतेकांना स्वतःचं राज्य हवं होतं, राज्यच नको असं म्हणणारे त्यात क्वचितच. म्हणजे व्याख्या ठरवली पोलिसांनी.

आणि त्याच्या तीनच वर्षं आधी, फेब्रुवारी १९१६ मध्ये, काशीला हिंदू विद्यापीठाच्या समारंभात गांधीजी उभे राहून म्हणाले होते की मीही अनार्किस्टच आहे, पण वेगळ्या प्रकारचा. राजेमहाराजे व्यासपीठावरून उठून गेले. आता यात बडोद्याचा धागा असा की आपल्या बडोद्यातच वाढलेला विन्या भावे, सर्टिफिकिटं आईसमोर चुलीत घातलेला मुलगा, मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईची गाडी धरतो, सुरतला उतरतो आणि काशीला जातो, तिथे त्याला या भाषणाची चर्चा कळते आणि त्यावरूनच तो गांधींना पत्र लिहितो. जूनमध्ये अहमदाबादला कोचरब आश्रमात भेट. पुढे विनोबा आयुष्यभर राजनीतीऐवजी लोकनीती म्हणत राहिले, शासनमुक्त समाज म्हणत राहिले, पण अराजक हा शब्द त्यांनी पुढे केला नाही. शहाणा माणूस! मी डीटीपीवाला असून मला हे सुचलं नाही, उसळ खाताना अराजक म्हणालो.

असो. कपाटाकडे येतो.

पुढचे तीन रविवार हाच गोंधळ. मला त्यातून हळूहळू जे कळलं ते असं की आम्ही चौघे तेच शब्द वापरत होतो पण प्रत्येकाच्या डोक्यात शब्दाचं टोक वेगळीकडे बांधलेलं होतं. समाजवाद घ्या. काकांसाठी समाजवाद म्हणजे सरकारी मालकी, विषय संपला. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात सयाजीरावांनी १९०८ साली काढलेली बँक ऑफ बडोदाही होती, काका ते सांगताना आजही सरळ होऊन बसतात. १९७६ मध्ये घटनेच्या प्रास्ताविकेत समाजवादी शब्द आला तेही सांगतात. मी विचारलं, काका, राष्ट्रीयीकरण झाल्यावर काउंटरवरच्या क्लार्कला बँक कशी चालवायची यात मत मिळालं का? ते म्हणाले, मत कसलं, युनियन होती की. मी म्हटलं तेच तर, युनियन लागली म्हणजे समोर मालक होताच, फक्त बदलला.

हे माझं शहाणपण नाही, हे दीडशे वर्षांचं भांडण आहे. १८७२ मध्ये हेगच्या अधिवेशनात रशियन अनार्किस्ट बाकुनिनला इंटरनॅशनलमधून, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून काढलं, मार्क्सच्या बाजूने बहुमत होतं, आणि त्या भांडणाचा गाभा हाच होता की राज्य हातात घेऊन समाजवाद आणता येतो का, बाकुनिनचं म्हणणं होतं की हातात घेणारेच नवे राज्यकर्ते होतील. मुद्दा असा की दोन्ही बाजू स्वतःला समाजवादीच म्हणवत होत्या. क्रोपोटकिन, हाही रशियन अनार्किस्टच, तो तर अनार्किझमला बिनसरकारी समाजवाद म्हणायचा. आणि रशियात १९१८ मध्ये लेनिन स्वतःच लिहितोय की राज्य-भांडवलशाही आपल्यासाठी एक पाऊल पुढेच ठरेल. म्हणजे ज्याला काका समाजवादाचा नमुना समजतात त्याला त्याचा कर्ताच भांडवलशाहीचं नाव द्यायला तयार होता. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, तू संदर्भ सोडून बोलतोस. थोडं खरं आहे, लेनिन तेव्हा मोडकळीला आलेल्या देशात छोट्या व्यापाऱ्यांच्या तुलनेत बोलत होता. पण थोडंच.

सीएशी भांडण जास्त मजेदार कारण तो हुशार आहे आणि त्याला वाटतं तो आणि मी एकाच पक्षात आहोत. दोघांना सरकार नको ना मग झालं, तो म्हणतो मी लिबर्टेरियन, तू अनार्किस्ट, काय फरक. मी त्याला सांगितलं की तुझा शब्दच आमच्याकडून गेलाय बाबा. १८५७ मध्ये जोसेफ देजाक नावाच्या फ्रेंच माणसाने प्रूधाँ या फ्रेंच अनार्किस्ट विचारवंताशी बायकांच्या हक्कावरून भांडताना हा शब्द राजकीय अर्थाने वापरला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्या नावाचं पत्र काढलं, तो कट्टर मालमत्ताविरोधी, कम्युनिस्ट अनार्किस्ट. अमेरिकेत मुक्त बाजारवाल्यांनी तो शब्द उचलला तो विसाव्या शतकात, आणि आता कोणाला आधीचा मालक आठवत नाही. सीए म्हणाला, शब्दावर मालकी सांगतोस? तू? हे बरोबर लागलं मला.

पण भांडवलशाही म्हणजे मुक्त बाजार हे त्याचं समीकरण मी सोडलं नाही. बेंजामिन टकर म्हणून बोस्टनचा अनार्किस्ट, १८८१ ते १९०८ एक पत्र चालवत होता, पक्का बाजारवाला, स्पर्धेचा भक्त, आणि तरी स्वतःला समाजवादी म्हणायचा. त्याचं गणित असं की भाडं, व्याज, नफा हे बाजारातून येत नाहीत, ते सरकारने दिलेल्या मक्तेदाऱ्यांतून येतात, पैसा, जमीन, जकात आणि पेटंट अशा चार. त्या काढा, स्पर्धा खरी मुक्त करा, आणि कष्ट करणाऱ्याला त्याच्या कष्टाचं पूर्ण मिळेल. म्हणजे टकरच्या भाषेत बाजार वेगळा आणि भांडवलशाही वेगळी, उलट पहिला नीट चालला तर दुसरी टिकत नाही. सीए दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, इंटरेस्टिंग आहे, पण डिपॉझिट लावाच.

बाईंचं मला सगळ्यात पटत होतं आणि त्यांनाच मी सगळ्यात कमी ऐकलं. सहकार म्हणजे अध्यक्ष-सचिव हे त्यांच्या डोक्यात, आणि माझ्या डोक्यात हीच चीड. मी त्यांना बडोद्याचंच उदाहरण दिलं, १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने इथल्या मध्यमवर्गीय मराठी लोकांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली, एकमेकांना कर्ज द्यायला, तेव्हा देशात सहकाराचा कायदाच नव्हता, तो आला १९०४ मध्ये. आधी माणसं, पंधरा वर्षांनी सरकार. आणि नाव काय, अन्योन्य! प्रूधाँच्या म्युच्युअलिझमला, म्हणजे बरोबरीने एकमेकांशी देवाणघेवाण करायच्या कल्पनेला, मराठी शब्द मी शोधत बसलो होतो आणि तो माझ्या गावात होता. बाई म्हणाल्या, छान, पण त्यांच्याकडे हिशोबाची वही तीन रकान्यांची नव्हती रे.

इथपर्यंत नुसता बोलाचा भात. मग चौथ्या रविवारी काका म्हणाले की बडबड पुरे, व्हीलचेअर बघून या. मी आणि सीए गेलो.

मांडवीच्या अलीकडे एका पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत, तळमजल्याची एक खोली. एक बेन आणि त्यांचे यजमान, बहुतेक पक्षाघात झालेला, ते दारात व्हीलचेअरवर बसून पापडी सोलत होते, एका हाताने, शेंग मांडीवर दाबून अंगठ्याने उलगडायची, दाणे वाटीत. व्हीलचेअर आमचीच, मागे पांढऱ्या रंगाने दोन लिहिलेलं, पण डाव्या चाकाला सायकलची ट्यूब कापून गुंडाळलेली आणि पाय ठेवायची पट्टी तुटली असणार ती साडीच्या किनारीने बांधलेली, गाठ इतकी नीट की ती रोज तपासली जात असणार. बेन आम्हाला बघून उभ्याच राहिल्या, म्हणाल्या, "लई जाव ने भाई, पण पछी एमने बाथरूम सुधी कोण लई जशे?" न्या की, पण मग यांना बाथरूमपर्यंत कोण नेणार?

सीएने चहा घेतला आणि वाटेत एक शब्द बोलला नाही.

इथे मला त्या चार आठवड्यांतलं पहिलं कामाचं काहीतरी सापडलं. १८४० मध्ये प्रूधाँने मालमत्ता म्हणजे चोरी असं लिहिलं ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातच तो दोन गोष्टी वेगळ्या करतो ते कोणी सांगत नाही. एक मालकी, म्हणजे मी वापरत नसलो तरी माझं, आणि तू वापरलंस तर मला त्याचे पैसे. दुसरं ताबा, म्हणजे जो राहतो त्याचं घर, जो कसतो त्याचं शेत, वापर आहे तोवर हक्क आहे. चोरी म्हणतो तो पहिल्याला. आणि या दुसऱ्यासाठी मराठीत केवढा सुंदर शब्द आहे, वहिवाट! विहिरीवर वहिवाट, पायवाटेची वहिवाट, कोर्टातही चालतो.

आता हे लावून बघा. सीएच्या नियमाने दोन्ही प्रकरणं एकाच जातीची, वस्तू गेली, नियम मोडला, उलट बेन जास्त दोषी, सात महिने, आणि दादा तर चांगला ग्राहक, मशीन वेळेवर परत आणून देणार होता. काकांच्या नियमाने दोघांवर मेमो. पण वहिवाटीने बघितलं तर बेनचा काही दोषच नाही, खुर्ची वापरात आहे, दुरुस्तही केली आहे, ती खुर्ची आज त्यांचीच आहे. आणि दादाने मशीन एक दिवससुद्धा वापरलं नाही, वापरलं दुसऱ्याने, पैसे घेतले याने. त्याच्याकडे काय होतं, तर वहीत एक ओळ. ती ओळ म्हणजेच मालकी झाली! मी ओट्यावर हे मांडलं तेव्हा काका पहिल्यांदा म्हणाले, ह्म्म.

पण दादा गप्प बसणारा नव्हता आणि का बसावं. म्हणाला, "तुमचं मशीन दोन वर्षं धूळ खात होतं. फिल्टर मी बदलला, साडेआठशे. रिक्षाने नेलं, तीनशे. रात्री अकराला मशीन बीप करतंय म्हणून फोन आला, स्कूटर काढून मी गेलो, तुमच्यातलं कोण गेलं असतं?" मला उत्तर नव्हतं. मशीन चालू ठेवणं हे काम आहे आणि काम फुकट का करावं.

मग मला जोसाया वॉरन आठवला, अमेरिकेतला सुरुवातीचा अनार्किस्ट. १८२७ मध्ये सिनसिनाटीत याने एक दुकान काढलं, मालाला जेवढा खर्च आला तेवढीच किंमत, वर दुकानदाराने तुमच्यासाठी जेवढा वेळ घालवला तो भिंतीवरच्या घड्याळात बघून मोजायचा आणि तेवढ्या वेळाच्या कामाची चिठ्ठी द्यायची. खर्च हीच किमतीची मर्यादा. तीन वर्षं चालवून, प्रयोग जमतो हे बघून त्याने स्वतःच बंद केलं. तर आम्ही दादाचा हिशोब तसा मांडला, फिल्टर ८५०, रिक्षा ३००, वेळ चार तास, त्याच्याच गॅरेजमधल्या पोराला तो तासाचे शंभर देतो म्हणून ४००, एकूण १५५०. घेतले ३३००. वर राहिले १७५०.

ते कोणाचे? सीए आणि काका, आयुष्यात पहिल्यांदा एकमताने, म्हणाले कपाटाच्या फंडात टाका. मला गंमत वाटली, एक मुक्त बाजारवाला आणि एक सरकारवाला, दोघांनाही वाटलं की दादा मालक नाही तर मग कपाट मालक. पण कपाटाने काय केलं होतं? पैसे मांजलपूरच्या घरातून गेले होते, तिकडेच जायला हवे. बाई म्हणाल्या हे बरोबर आहे. दादाने दीड हजार परत केले, अडीचशेला म्हणाला इंधनाचे, आणि अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

चार लाखांचं थोडक्यात. बाईंनी ट्रस्टचे कागद काढले, सीएने विचारलं भाच्याने पासपोर्ट बदललाय का. बदलला होता. अमेरिकन नागरिक म्हणजे परदेशी देणगी, त्याला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागणार, ते लफडं कोण करणार. मुक्त बाजारवाल्याच्या तोंडून सरकारी कायद्याची कलमं ऐकायला मला मजा आली पण ज्ञान कामाचं होतं. मग भाचा आला तेव्हा त्याला दुकानात नेलं, त्याने एक फाउलर बेड घेऊन दिला आणि त्यावर कै. वडिलांच्या स्मरणार्थ असं स्टिकर लावलं, जे दुसऱ्याच पेशंटने खरवडलं.

इथे मी लिहायचं थांबवलं असतं तर मी जिंकलेला दिसतो. सगळ्यांचे वाद बाजूला, माझी व्याख्या बरोबर, कपाट अराज्यवादी, टाळ्या.

पण सीएने सांगितलं की जुनी वही एक्सेलमध्ये टाक, निदान कुठे काय आहे ते कळेल, आणि मी टायपिंगवाला, बसलो टाइप करत. दोनशे चौदा नोंदी. शंभरेक झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी आडनावं टाइप करत नाहीये, ऑटोफिलच होतंय. तीच सोळा-सतरा घरं, तीच आडनावं, आणि पोळातल्या बेनसारखी दोन-तीन बाहेरची, तीही कोणाच्यातरी ओळखीने आलेली. त्याच आठवड्यात मावशींकडे धुणंभांडी करणाऱ्या बाई जिना पुसताना सहज म्हणाल्या की माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा वॉकर शिल्लक नव्हता ना, आम्ही बाजारातून भाड्याने आणला. मी विचारलं कधी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात.

वही उघडली. त्या आठवड्यात पाचपैकी चार वॉकर कपाटात होते.

मावशींना विचारायला मला तीन दिवस लागले. त्या चिडल्या नाहीत, हेच वाईट. म्हणाल्या, "अरे ती लोकं परत आणत नाहीत." कोणी कधी नेलंय, मावशी, जे परत आणलं नाही? "आणि मग आपल्यातल्या कोणाला तेच द्यायचं, कोणी बसेल का त्यावर?" आता यात काय काय आलं ते मराठी माणसाला फोड करून सांगायला नको.

मला रागही धड येईना, कारण सात वर्षं परत आलेली प्रत्येक कमोड चेअर मावशींनीच डेटॉल टाकून घासली आहे. वही टाइप करताना मला एकाही नोंदीत 'धुतलं कोणी' असा रकाना सापडला नाही, कारण तो आम्हाला सुचलाच नव्हता. काम त्यांचं, किल्ली त्यांची, आणि नाही म्हणायचा अधिकारही आपोआप त्यांचा, कोणी न देता. आम्ही चौघे कपाट कोणत्या वादात बसतं यावर चार रविवार भांडलो आणि किल्ली मावशींच्या कनवटीला होती ती कोणाला दिसली नाही, मला तर नाहीच नाही, कारण मला अध्यक्ष दिसला की अंगावर काटा येतो पण मावशी दिसली की येत नाही.

काकांना सांगितलं तर ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. "सरकार नव्हतं म्हणत होतास? होतं की. नऊवारी नेसून होतं." आणि मग म्हणाले, तुझा तो लाडका शब्द वहिवाट, गुजरातीत वहीवट म्हणजे काय माहीत आहे ना? कारभार. गायकवाडी राज्यात महालाचा अंमलदार असायचा त्याला वहिवाटदारच म्हणायचे. मला माहीत होतं, मी गुजरातीतूनही कंपोज करतो, पण जुळवलं नव्हतं. ज्याचा वापर त्याचा हक्क आणि ज्याच्या हाती कारभार त्याचं राज्य, दोन्हीला एकच शब्द, आणि मी त्यातला मला आवडणारा अर्धाच घेऊन नाचत होतो. बडोद्यात १९३१ साली सयाजीरावांनी आठ भाषांतल्या राज्यकारभाराच्या शब्दांचा एवढा मोठा कोश, शब्दकल्पतरु, छापून घेतला तो उगाच नाही, राज्य करणाऱ्याला शब्द कोणत्या बाजूने धरायचा ते नेमकं कळतं.

बाईंनी मग त्यांचा मुद्दा परत काढला, आणि यावेळी मी ऐकला. त्यांचं म्हणणं साधं होतं, अध्यक्ष निवडला तर निदान काढता येतो, मावशीला कसं काढणार? मी अजूनही अध्यक्षाला तयार नाही. पण 'मग तूच सांग काय' याला दोन गोष्टी सुचल्या. कुलूप बदललं, आता नंबरचं आहे, नंबर कपाटाच्या बाजूलाच लिहिलाय, म्हणजे कुलूप कुत्र्यांसाठी आणि दारुड्यांसाठी, माणसांसाठी नाही. सीए म्हणाला चोरी होईल. अजून तरी एक कुबडी सोडून काही गेलेलं नाही. आणि वहीत चौथा रकाना आला, धुतलं कोणी, त्याच्या पाळ्या लावल्या, मावशी सोडून.

धुणंभांडीवाल्या बाईंना मी जाऊन सांगितलं की आता कोणालाही विचारायचं नाही, सरळ न्यायचं. त्या म्हणाल्या, हो भाऊ. अजून त्यांची ओळ वहीत नाही. मला वाटलं होतं कुलूप बदललं की येतील. त्यांच्या बाजूने बघितलं तर त्या मावशींच्या दारावरून, मावशींच्या नजरेखालून वॉकर उचलून नेणार, आणि उद्या परत त्यांच्याच घरी भांडी घासायला येणार. हे नंबरच्या कुलुपाने सुटणारं नाही आणि मी वाचलेल्या कुठल्याच दाढीवाल्याकडे याचं उत्तर पटकन सापडत नाही.

पाळीचं म्हणाल तर पहिला आठवडा माझा होता. बुधवारी कमोड चेअर परत आली, मी एका निमंत्रणपत्रिकेच्या प्रुफात अडकलो होतो, विसरलो. शुक्रवारी सकाळी देवडीत वास. मावशी दारातच उभ्या, हात कमरेवर, कपाटाकडे बोट, आणि दुसऱ्या हातात बाथरूमचा ब्रश.

"ते अन्योन्य का काय म्हणत होतास ना, घे."

फिनाईल संपलं होतं, ते आणायला आधी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो.